सबनिसांच्या मापाच्या फरश्या

आमचे शेजारी सबनीस बाग आखायला येतात तेव्हा त्यांच्या हातात खुरपं नसतं, रांगोळीचा डबा असतो.

मिहीर, सई, तुमच्या आनंदमामाच्या कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या घरामागचं लॉन यंदाच्या उन्हाळ्यात पापडासारखं वाळलं, म्हणून त्याने त्यांना बोलावलं. सबनीस मूळचे नागपूरचे. सॉफ्टवेअरमधून रिटायर झाले आणि बागांच्या मागे लागले.

"इथे सहा महिने पावसाचा थेंब नाही, आणि तू लॉन पोसतोस?" त्यांनी मामाला झापलं. "लॅव्हेंडर लाव, रोझमेरी लाव, एक ऑलिव्ह. भूमध्य समुद्राकाठची मंडळी आहेत, उन्हाला सरावलेली."

"आणि मधून एक सरळ वाट," मी म्हटलं. मला सगळं सरळ लागतं, तुम्हाला माहीत आहे.

"काकू, वाट मी ठरवत नाही. तुम्ही ठरवता." असं म्हणून त्यांनी सगळ्या अंगणात चाळणीने रांगोळी पसरली, माझ्या हातात चहाचा ट्रे दिला आणि म्हणाले, "चाला."

मी पदर खोचून जपून पावलं टाकू लागले.

"अहो काकू, लक्ष्मीची पावलं नकोत! रोज चहा द्यायला जाता तशा चाला."

"आई, नॉर्मल चाल ना!" मामा ओरडला.

चालले. सावलीच्या कोपऱ्याकडे मी आपोआप वळले होते, ते मागे पाहिल्यावर कळलं. सबनिसांनी प्रत्येक पावलावर एक फरशी ठेवली. "माणूस चालतो तिथे वाट, उरेल ती जागा झाडाची. मग दोघं भांडत नाहीत." हे वाक्य ते दिवसातून चारदा म्हणतात. मामाला ऑलिव्ह वळणावर हवं होतं. "दिसेल छान," सबनीस म्हणाले, "पण तुझ्या आईचा खांदा रोज घासेल. मग दोघं मलाच शिव्या देतील."

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे चहाला गेले आणि त्यांच्याच वाटेवर अडखळले. फरश्या इतक्या जवळजवळ, की माझं पाऊल दर वेळी दोन फरश्यांच्या मध्ये पडे.

"सबनीस, गावाची मापं घेता आणि तुमच्याच दारात हे काय?"

"ते माझं माप नाही. ईशानचं आहे."

ईशान त्यांचा नातू, तिकडे मिशिगनमध्ये ॲन आर्बरला असतो. सहा वर्षांचा. दर वाढदिवसाला सून त्याला घरात चालवते, टेप लावते आणि फोनवर इंच सांगते. मग सबनीस सगळ्या फरश्या उचलतात आणि थोड्या लांब लांब बसवतात. पाऊल वाढलं की फरश्या कमी लागतात. उरलेल्या भिंतीशी टेकवून ठेवल्या होत्या. मी मोजल्या. पाच.

"त्याला आवडली का वाट?"

"अजून आला नाही. दोनदा तिकीट कॅन्सल झालं." त्यांनी एका फरशीवरची माती बोटाने पुसली. "पण आला तर अडखळायला नको."

तेव्हा मिहीर, सई, पुण्यात आईला सांगून जमिनीवर थोडी रांगोळी पसरा आणि रोजच्यासारखे चाला. दोघांचीही मापं कळवा. मामाच्या कुंपणाकडेला तुमच्या वाटेपुरती जागा आहे. फरश्या सबनीस देणार आहेत, त्या पाच.