चतुःसीमेतले वकीलकाका

आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा निरगुडेकाकांनी बूट काढायच्या आधी खिशातून होकायंत्र काढलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या त्या लहानशा गावात येऊन आम्हाला जेमतेम पंधरवडा झाला होता. मी तिथल्या गालिच्यांच्या गिरणीत इंजिनियर. मिठाचा डबा कुठल्या कपाटात ठेवला हे माझ्या बायकोला, मीनाला, अजून आठवत नव्हतं. आणि हे साठीचे गृहस्थ दारात उभे राहून सुई स्थिर व्हायची वाट बघत होते.

"पूर्वेस पार्किंग लॉट," ते म्हणाले. "पश्चिमेस लाँड्री. दक्षिणेस सार्वजनिक रस्ता. उत्तरेस कोण राहतं?"

"माहीत नाही, काका. अजून ओळख नाही झाली."

"म्हणजे तुम्ही तीन बाजूंचंच घर घेतलंत," असं म्हणून त्यांनी बूट काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला: उत्तरेस मिसेस पॉवेल, विधवा, मांजरं दोन, तक्रार नाही. मी ऑफिसला निघायच्या आत ते तिला भेटूनही आले होते.

काका मूळचे सांगलीकडचे. तालुक्याच्या कोर्टात वीस वर्षं वकिली केलेले. सुमतीकाकू डॉक्टर, त्यांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि त्यांच्याबरोबर काका आले. इथे त्यांनी काळा कोट पुन्हा चढवला नाही, पण कोर्ट काही सुटलं नाही. रोज सकाळी काकूंना हॉस्पिटलात सोडलं की ते काउंटीच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायचे. खटला दारूच्या भट्टीचा असो नाहीतर डुकराने बटाटे उकरल्याचा, काका वही काढून टिपणं घ्यायचे. तिथला शिपाई त्यांना 'काउन्सेलर', म्हणजे वकीलसाहेब, म्हणायचा. काका त्याला मराठीतल्यासारखं इंग्रजीतही 'अहो' म्हणत असावेत, असं त्याच्या वागण्यावरून वाटे. काका सगळ्यांनाच अहोजाहो करत. शेजारच्या कुत्र्यालाही ते "तुम्ही आधी बाजूला व्हा" असं मराठीत सांगत आणि तो होई.

त्या टिपणांतून काका रहस्यकथा लिहीत. मराठीत. अमेरिकेच्या दक्षिणेत घडणाऱ्या, पीचच्या बागा, लाल माती, चर्चमधल्या बायका, व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्च्या आणि रविवारच्या जेवणानंतर सापडणारी प्रेतं असलेल्या. पुण्याचे एक प्रकाशक त्या छापत आणि वाचनालयांना पुरवत. पहिलीचं नाव 'सदरहू खुनी कोण?' दुसरीचं 'पीचच्या बागेतील इसम'.

काकांचा शेरीफ हॅम्प्टन सहा फूट तीन इंच उंच होता, तंबाखू चघळत होता आणि बोलायला लागला की थेट आमच्या तालुक्याच्या कोर्टातला होता. "सबब, मिस्टर कूपर," तो पिस्तूल रोखून म्हणायचा, "सदरहू खून तुम्ही स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, अक्कलहुशारीने केलेला आहे." मिस्टर कूपरही तेवढ्याच अदबीने "मजकूर मान्य आहे" म्हणायचे.

पण काकांची खरी हौस चतुःसीमेची. खरेदीखतात जमीन ओळखायची म्हणून तिच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहितात, ती चतुःसीमा. काकांच्या कादंबरीत प्रेतालाही चतुःसीमा असे. 'पूर्वेस मिसेस बेकर यांचे परसदार, पश्चिमेस नाला, दक्षिणेस कोंबड्यांचे खुराडे, उत्तरेस मिस्टर कूपर यांची मालमत्ता. येणेप्रमाणे चतुःसीमेतील प्रेत.' आता एवढं लिहिल्यावर खून कोणी केला हे वाचकाला नवव्या पानावर कळणारच. मी तसं म्हटलं तर काका म्हणाले, "कळू द्या. खुनी लपवावा, हद्द लपवू नये."

हे सगळं मला तोंडपाठ व्हायचं कारण, तिसऱ्या कादंबरीपासून मुद्रणप्रत मी लिहीत होतो. काकांचं अक्षर प्रकाशकांच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला लागेना. माझं अक्षर बरं होतं आणि काकूंचं थालीपीठ त्याहून बरं. शनिवारी सकाळी त्यांच्या डायनिंग टेबलावर बसून मी शेरीफ हॅम्प्टनचे जबाब गोल अक्षरात उतरवून काढायचो.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक कादंबरीत शेवटून दुसऱ्या प्रकरणात शेरीफ खुन्याचा पाठलाग एकदम थांबवायचा. खुनी पळतोय, रक्ताचे डाग अजून ओले आहेत आणि हा मनुष्य गाडी वळवून मिस शेवाँटा नावाच्या एका गरीब बाईच्या शेताकडे जायचा. तिची विहिरीची पट्टी कोणीतरी बळकावलेली असायची. पश्चिमेकडची. मग शेरीफ अख्खं प्रकरण खर्चून, कागद काढून, साखळीने जमीन मोजून तिला ती परत मिळवून द्यायचा. नंतर पुन्हा खुन्याच्या मागे. खुनी बिचारा तोपर्यंत वाट बघत असायचा.

चौथ्या कादंबरीच्या वेळी प्रकाशकांचं पत्र आलं. विहिरीचं प्रकरण वगळा, वाचक तक्रार करतात, वगळणार नसाल तर पुस्तक काढणं जमणार नाही. काकांनी उलट टपाली तीन पानांचं उत्तर धाडलं. त्याची सुरुवात 'तुम्हांस कळविण्यात येते की' अशी होती आणि शेवट 'सबब प्रकरण राहील' असा. प्रकाशकांना आपल्यावर दावाच लागला असं वाटलं असावं. ते निमूट कबूल झाले.

मला मात्र राहवलं नाही. काका पोस्टात गेले असताना मी काकूंना म्हटलं, "काकू, खरं सांगू? ते प्रकरण बोअर होतं हो. काका एवढे का अडून बसतात?"

काकू तव्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

"शेवंताबाई खरी आहे," त्या म्हणाल्या. "तासगावकडची. नवरा गेल्यावर दिराबरोबर वाटणी झाली, तो वाटणीचा कागद ह्यांनी केला. ती म्हणाली, मावळतीकडची पट्टी माझी, हिरीची. हे आपले वकिली भाषेत लिहायला बसले. त्या दिवशी दहा कागद होते हातात. मावळतीचं पश्चिम करायचं, ते ह्यांनी पूर्व लिहिलं."

"मग तिला वाचून नाही दाखवलं?"

"दाखवलं ना. पूर्वेकडील पट्टी, असं मोठ्याने वाचलं. ती मान डोलावत राहिली. तिला उगवत-मावळत कळत होतं, पूर्व-पश्चिम हे तिचे शब्दच नव्हते. अंगठा दिला. विहीर दिराकडे गेली. चूक दुरुस्त करायला, ती माझीच असं सांगत हे सगळ्या कोर्टांत गेले, पण दीर म्हणाला असंच ठरलं होतं. हरले. त्यानंतर ह्यांनी एकही कागद केला नाही. मला ऑफर आली, मी विचारलं येता का, तर लगेच हो म्हणाले."

प्रत्येक पुस्तकाची एक प्रत काका शेवंताबाईंना पोस्टाने पाठवत, हेही काकूंनीच सांगितलं. पोच कधी आली नव्हती. काका रोज दुपारी टपालपेटी उघडून बघतात ते कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं. त्या प्रकरणाला मी बोअर म्हटलं याची मला मनापासून लाज वाटली.

पुढच्या हिवाळ्यात मी मिरजेला घरी जाणार होतो. चौथी कादंबरी नुकतीच छापून झाली होती. काकांनी माझ्याकडे शेवंताबाईंचा पत्ता दिला, अर्थातच चतुःसीमेसकट. "पुण्याहून एक प्रत घ्या आणि समक्ष द्या," ते म्हणाले. "आणि काय म्हणतात ते ऐकून या. काहीही म्हणाल्या तरी तसंच सांगायचं. गाळायचं नाही."

शेवंताबाईंचं घर पत्त्यावरून चुकणं शक्यच नव्हतं. म्हातारी बाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी अमेरिकेतल्या वकिलांकडून आलो म्हटल्यावर तिने पदराने हात पुसले आणि आत हाक मारली. सून बाहेर आली. फळीवर तिन्ही पुस्तकं होती, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली.

"पोचली होय सगळी," मी म्हटलं. "आजी, एक पत्र तरी टाकायचं."

"काय लिवायचं?" ती म्हणाली. "कागदाचं मला भ्या वाटतं."

सुनेने नवं पुस्तक घेतलं आणि खून-बिन सगळं ओलांडून थेट शेवटून दुसरं प्रकरण काढलं. सरावाची होती. ती वाचू लागली. शेरीफ आला, कागद निघाले, साखळी पडली. 'सबब पूर्वेकडील विहिरीची पट्टी मिस शेवाँटा यांचे कबजात...'

"थांब," म्हातारी म्हणाली. "पूर्व न्हाई. पश्चिम. हीर मावळतीला हाय."

सुनेने पुन्हा वाचलं. पूर्वच होतं. मी पुस्तक हातात घेऊन पाहिलं. काका असली चूक मेले तरी करणार नाहीत. ती माझी होती. कुठल्यातरी शनिवारी, थालीपीठाच्या वासावर ध्यान असताना, माझ्या बऱ्या अक्षरात ती उतरली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हातारी हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"परत चुकलं बगा तुमचं वकील," ती म्हणाली. "पर आता माझ्या ध्येनात येतंय. तीन पुस्तकं ऐकून ऐकून पूर्व-पश्चिम शिकली मी. त्यास्नी सांगा, व्हतंय असं. लिवणाऱ्याच्या हातनं व्हतंय. मी काय मनात धरलं न्हाई."

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी मी काकांकडे गेलो. ते व्हरांड्यात बसले होते. विमानातल्या सगळ्या तासांत मी कबुलीजबाब पाठ केला होता, तो एका दमात सांगून टाकला. चूक कुठल्या पानावर, कोणाच्या समोर निघाली, ती काय म्हणाली, काहीही गाळलं नाही.

काका उठून आत गेले आणि त्यांचं मूळ हस्तलिखित घेऊन आले. पान काढलं. तिथे स्वच्छ 'पश्चिमेकडील' होतं. मी खाली मान घालून उभा राहिलो. पुस्तकात दुरुस्ती छापून घ्या, प्रकाशकांना कळवा, असं काहीतरी ऐकायची तयारी ठेवली होती.

"तिला सांगितलंत, की चूक तुमची?"

"नाही काका. बोलूच दिलं नाही तिने. पण मी आजच पत्र टाकतो."

"टाकू नका," काका म्हणाले. हस्तलिखित त्यांनी मिटलं आणि मांडीवर ठेवलं. "ही चूक माझ्या नावावर राहू द्या."

 मग त्यांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं. "तुमचं अक्षर चांगलं आहे. त्या काय म्हणाल्या ते लिहून द्या. पोच म्हणून."

मी वहीचं पान घेतलं आणि लिहायला लागलो, 'होते असे. लिहिणाऱ्याच्या हातून...'

काका वाकून बघत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"होते नाही," ते म्हणाले. "व्हतंय. त्यांचा शब्द बदलू नका."