घड्याळजींचं चोंदलेलं नाक

"तीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही स्क्रू खाली पडलेला नाही," असं घड्याळजी दर गिऱ्हाइकाला ऐकवत. त्यात खोटं काही नव्हतं. मग त्यांचं नाक चोंदलं.

सुरुवात साध्या सर्दीने झाली. सर्दी आठवड्यात गेली, नाक मात्र बंद ते बंदच. तोंडाने श्वास घ्यावा लागे, आणि डोळ्याला भिंग लावून ते वाकले की तोंडातून फुंकर सुटे. एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घड्याळातला मोहरीएवढा स्क्रू असाच उडाला. बाई स्वतः गुडघ्यांवर बसून तासभर लादी चाचपत राहिल्या. सापडला तो बाईंच्याच अंबाड्यात.

घरी जो तो वैद्य झाला. बायको म्हणाली, "मांजराचे केस. दुसरं काय?" मांजर मेव्हणीकडे रवाना झालं. थोरल्या भावाने धुळीवर खापर फोडलं. पडदे उतरले, गादी गच्चीवर गेली. सुनेने खिडक्या बंद करवल्या, मुलाने उघडायला लावल्या. घड्याळजी आपले दर दोन तासांनी नाकात औषधाचे थेंब सोडत. तेवढाच घटकाभर मोकळा श्वास.

मांजरापायी नातीने अबोला धरला. त्यात दुकान बंद करावं लागतंय की काय, ही धास्ती. शेवटी ते डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"नाकाला सूज सर्दीने येते, ॲलर्जीने येते, धुराने, उग्र वासाने, हवा पालटली तरी येते," बाई नाकात बॅटरी मारत म्हणाल्या. "थेंब किती दिवस घालताय?"

"फार नाही. चार महिने."

बाईंनी बॅटरी विझवली. "ते चार-पाच दिवसांपुरते असतात. पुढे त्यांनीच नाक सुजतं. सुजलं की तुम्ही पुन्हा घालता."

"म्हणजे मांजर..."

"निर्दोष आहे."

थेंब बंद झाले, त्यांच्याऐवजी नाकात मारायचा फवारा मिळाला. पहिला आठवडा घड्याळजींनी माशासारखा आ वासून काढला. तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, आधी डावी नाकपुडी सुटली, मग उजवी. त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि नुसता श्वास घेत बसले. मग दुकानाचं दार ओढून घेऊन थेट मेव्हणीकडे गेले आणि मांजर काखोटीला मारून घरी आले. नात बोलू लागली.

बूट काढून ते खुर्चीत ऐसपैस टेकले. एक खोल श्वास घेतला. मग दुसरा, जरा जपून.

"घरात काही सडलंय का?"

सुनेने छताकडे पाहिलं.

"तुमचे मोजे आहेत," बायको म्हणाली. "म्हटलं, आधीच बिचाऱ्याला नाकाचं दुखणं, त्यात आणखी कशाला सांगा."