लेकरं तोलणाऱ्या शेवंतामावशी

माझी मुलगी आज घरभर धावते ती शेवंतामावशींमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की मी त्यांची थट्टा करतोय. थोडी करतोयही. पण पहिलं वाक्य विसरू नका.

राजापेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी मावशींची भाजीची गाडी लागते. माल चांदूर बाजाराकडच्या त्यांच्या दिराच्या मळ्यातला. कुणी मेथीची पानं जरा जास्त वेळ चाळली की मावशी जुडी काढून घेतात. "लग्नाले पोरगी पाहून राहिली का वं? नसन घ्याची तं राहू दे." गिऱ्हाईक मुकाट्याने तीच जुडी विकत घेतं.

मंगळवारी बारा वाजले की भाजी बाजूला सरते. गाडीच्या वरच्या दांड्याला जुना लोखंडी तराजू टांगतात, एका पारड्याच्या जागी धुतलेल्या लुगड्याची झोळी बांधतात, तिच्या भाराइतका दगड दुसरीकडे ठेवतात, आणि मावशी गल्लीतली लेकरं तोलायला घेतात. फुकट. भाजी तोलताना हा दगडाचा चोखपणा मी कधी पाहिलेला नाही.

नियम दोन आहेत. पहिला, लेकरू बापानंच आणायचं. "माय तं रोजच उचलते. बापाले समजू दे हातात काय हाय ते." बाप आला नाही तर त्या घराला टमाटे बंद. त्यामुळे मंगळवारी दुपारी गाडीपुढे पुरुषांची रांग असते. एक ऑटोवाला, एक ट्यूशनचे गणिताचे सर, बडनेऱ्याहून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आलेला एक रेल्वेतला माणूस. प्रत्येकाच्या हातात मूल आणि चेहऱ्यावर दुसऱ्याची पिशवी थोडा वेळ सांभाळत असल्याचा भाव.

दुसरा नियम, वजन किलोत सांगायचं नाही. नजर लागते. मावशी भाजीत सांगतात. "दोन पत्ताकोबी आन एक मुळ्याची जुडी. घेऊन जाय." गणिताच्या सरांनी एकदा हरकत घेतली.

"मावशी, सगळ्या कोब्या काही सारख्या नसतात."

"लेकरं तरी सारखे रायते का सर? चला, मांगच्याले येऊ द्या."

सर मूल घेऊन पुढे सरकले. खरं वजन मावशींच्या डोक्यात असतं. कुणाचं मागच्या मंगळवारी किती होतं, त्याच्या मागच्या मंगळवारी किती, सगळं.

आता माझं. मी मूळचा गडहिंग्लजकडचा. आठवीत शाळा सोडली, मामाकडे शिलाई शिकलो आणि ओळखीने इथे अमरावतीत एका टेलरकडे कापड कापायला लागलो. सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, आई नाही. माझी आई अंथरुणाला. म्हणून बाळंतपण इथेच झालं आणि तीन जीव घरी आलो. शिलाई मशिनीबरोबरसुद्धा एक पुस्तिका मिळते. मुलीबरोबर काहीच मिळालं नव्हतं.

मुलगी शिंकली की मी घाबरायचो, आणि दिवसभर शिंकली नाही तरी घाबरायचो. शेवटी जे येतं ते केलं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तिला टेप लावायचा. लांबी, छाती, मनगट. आकडे खडूने भिंतीवर. लांबी वाढत होती, म्हणजे मुलगी वाढत होती. मी त्या हिशोबाने दोन झबली मोठी बेतूनही ठेवली.

मधेच घरमालकीणबाई म्हणाल्या, सुनीताचं दूध पुरत नाही. मी पावडरचा डबा आणला. त्यावर किती चमचे टाकायचे ते लिहिलेलं होतं, पण एवढ्याशा जिवाला इतकं घट्ट कसं सोसेल, म्हणून मी अर्धीच टाकायचो. सुनीताने एकदा विचारलं, "बरोबर आहे ना हो?" मी म्हणालो, बरोबर आहे. ती चौथी शिकलेली आणि मी आठवी, त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

टमाटे बंद झाले तेव्हा मीही रांगेत गेलो. मावशी म्हणाल्या, "एक कोहळं आन चार वांगे." मला फार अभिमान वाटला. पुढच्या मंगळवारीही एक कोहळं आणि चार वांगी. मी म्हटलं, चला, कायम आहे.

तिसऱ्या मंगळवारी मावशींनी काटा थांबू दिला. मुलीला उचललं, पुन्हा झोळीत ठेवलं, पुन्हा थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "साडेतीन किलो."

ऑटोवाला पोराला उडवत होता, तो थांबला.

"तीन मंगळवार झाले, साडेतीनच. काय पाजून राहिला तू हिले?"

"वाढतेय हो मावशी," मी म्हणालो. "साडेबावीस इंचाची तेवीस झालीय. रोज टेप लावतो."

मावशींनी माझ्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. "पडवळबी लांब रायते बाबू. आत काय रायते त्याच्या?"

भाजीची गाडी मावशींनी गणिताच्या सरांच्या ताब्यात दिली, सर नको नको म्हणेपर्यंत आम्ही सुनीताला घेऊन ऑटोत बसलो होतो, आणि ऑटो सरकारी दवाखान्याच्या वाटेला लागली होती.

डॉक्टरीणबाईंनी चमच्यांचं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे इतके दिवस जवळजवळ पाणीच पाजलंत. आणखी आठवडा गेला असता तर?"

मला वाटलं, आता मावशी मला इथेच फाडून खातील. त्यांची तशी ख्याती होती. पण त्या मधे आल्या. "त्याले रागवू नका बाई. घरी बुढं मानूस नाई. सांगनारंच कोनी नाई तं त्यानं इचारावं कोनाले? मांगच्या खेपेले मलेबी वाटलं, सर्दी हाय म्हनून नसन वाढली. मीच एक मंगळवार जाऊ देला."

दहा दिवस दवाखान्यात काढले. घरी आल्यावर मावशी रोज दुपारी यायच्या. सुनीताला मूल पदराखाली नीट कसं घ्यायचं ते दाखवलं, तिचं दूध पुन्हा वाढवलं. मला चुलीला लावलं. मेथी, शेवग्याचा पाला, जवसाची चटणी, भाकरी. "बायकोच्या ताटात आंधी वाढ. लेकराचं जेवन तेथूनच सुरू व्हते." माझी पहिली भाकरी त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हे तूच खाय. तिले बाळंतपनातून उठू दे."

दवाखान्यातून आल्यानंतरच्या सहाव्या मंगळवारी मुलीला झोळीत ठेवलं. मावशींनी उगाचच वेळ लावला. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एक कोहळं, एक पत्ताकोबी, आन वरून दोन वांगे." गणिताच्या सरांनी मान डोलावली. मी गाडीमागे जाऊन काही तरी शोधायला लागलो.

रांग पांगल्यावर मावशी झोळी सोडत होत्या. "टेलर, इकडे ये." कमरेच्या पिशवीतून त्यांनी फोन काढला. खुर्चीत बसवलेलं एक गुबगुबीत बाळ.

"माहा नातू. पुन्याले रायते. सवा वर्षाचा झाला. हे गाल खरे हायेत का फोटोनं भरले?"

"खरे वाटतात मावशी."

"वाटते तं मलेबी."

"तुम्ही पाहिला नाहीत अजून?"

"पोरगा म्हने, आई, येथी मोठे डॉक्टर हायेत, तू काहून टेन्शन घेतं. बिनबोलावता गेली तं सुनेले वाटीन, बुढी तपासाले आली." फोन पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, "आन मी तपासलंच असतं ना बाप्पा."

हसल्या. मग दोन्ही हात पुढे धरून हवेतच काहीतरी झेलल्यासारखं केलं, जरा वरखाली केलं, आणि लगेच पदराला पुसून भाजी मांडायला लागल्या.

नातू आता अडीच वर्षांचा आहे. मी पुण्याचा विषय दोनदा काढला. एकदा म्हणाल्या, वांग्याचं रोप लावायचं हाय. एकदा म्हणाल्या, मंगळवार बुडते. पण मी सुनीताला सांगून ठेवलंय. एक दिवस मी मावशींना बडनेऱ्याला पुण्याच्या रेल्वेगाडीत बसवीन, बरोबर जाईन, आणि त्यांच्या मुलाने दार उघडून कुणी बोलावलं असं विचारलं तर सांगीन, मी आणलंय. मी काही मोठा माणूस नाही. पण दाराची बेल वाजवायला आठवी पुरते. तेवढं मी त्यांचं करीन.