पट्टीला लागलेली रेघ

पवनचक्की क्रमांक सातच्या अभियंत्याला नोकरीत कायम करण्याचा प्रस्ताव अकरा वर्षं विचाराधीन होता. आता त्यावर शेवटची अट पडली: वीजनिर्मितीचा आलेख महिनाभर स्थिर दिसला पाहिजे. ही अट वाऱ्याला कळवली होती की नाही, याची फाइलीत नोंद नव्हती.

अभियंता डगमगला नाही. तीन वर्षं खपून त्याने एक नियंत्रणपद्धत तयार केली होती. वारा कसाही वागो, यंत्राचा अंदाज थोडाफार चुको, ती पात्यांचा कोन क्षणोक्षणी बदलून वीज ठरल्याइतकीच ठेवायची. दोन मेगावॉटच्या आसपास धिंगाणा घालणारी रेघ आठवडाभरात गुणी मुलीसारखी चालू लागली. त्याला अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता.

आलेख तपासायचे स्थैर्य विभागाचे साहेब. छापील कागदावर पोलादी पट्टी ठेवून ते डोळा पार कागदाला टेकवायचे.

"हे काय?" साहेबांनी नखाने दाखवलं.

"सोसाट्याचा वारा सुटला होता, साहेब. दोनच टक्क्यांचा फरक आहे."

"वाऱ्याचा लेखी खुलासा जोडा. वारा उपलब्ध नसेल तर तुमचा चालेल."

खुलासे लिहिता लिहिता अभियंत्याने हात टेकले. मग त्याने चक्कीकडून वीजच कमी मागितली. दोनऐवजी दीड. वारा जरा पडला तरी हाताशी शिल्लक राहते आणि रेघ सरळ येते. शास्त्राला धरूनच होतं ते. साहेब म्हणाले, "सुधारणा आहे." मग एक. मग अर्धा. साहेबांनी चष्मा पुसून तरीही केसभर उंचवटा शोधला.

"याहून सरळ हवी तर चक्कीच बंद करावी लागेल!" अभियंता वैतागून म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. "मग इतके दिवस काय करत होतात?"

अभियंत्याने खिडकीतून फिरत्या पात्यांकडे एकवार पाहिलं. पण अकरा वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. त्याने ब्रेक लावला. रेघ आलेखाच्या तळाशी जाऊन पडली आणि महिनाभर हलली नाही. साहेबांनी पट्टी ठेवली, आणि नखाने दाखवायला काहीच उरलं नाही. कायम केल्याचा आदेश त्याच दुपारी निघाला. उरलेल्या अठरा चक्क्यांनाही हीच पद्धत तातडीने लागू झाली.

दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन आला. "अहो, सकाळपासून वीज नाही. टाकीत पाण्याचा थेंब नाही. तुमच्याकडे काही झालंय का?"

"अगं, मी कायम झालो! आदेश हातात आहे!"

"काय सांगताय!" तिचा आवाज ओला झाला. "मग जाऊ दे हो वीज. शेजारच्या काकू तक्रार करायला निघाल्यात, त्यांना थांबवते आधी."

काकूही थांबल्या, कारण त्यांचा जावई त्याच कार्यालयात अजून हंगामी होता.

आणि तुम्ही तरी काय वेगळं केलंत? खरं सांगा, इथवर वाचताना तुम्हाला काळजी होती ती हा बिचारा कायम होतो की नाही याचीच. त्याने चक्की बंद केली, तेव्हा तुम्हीही सुटकेचा निःश्वास सोडलात.