नरहरपंत सशांचा चांदीचा कागद

एका जंगलात, बाळांनो, वाघाला कावीळ झाली.

वैद्य घोरपडीने जीभ पाहिली, डोळे पाहिले आणि सांगितलं, “यापुढे उघड्यावरचं खायचं नाही. झाकलेलं असेल तेवढंच खा.”

आता वाघाचं सगळं जेवण उघड्यावरच हिंडतं. बिचारा पाणी पिऊन दिवस काढू लागला. हरणं त्याच्या नाकासमोर चरायची. रानडुकरं तर मुद्दाम थांबून तब्येतीची चौकशी करायची.

नरहरपंत ससे मात्र बिळातच.

“अहो, सगळं जंगल बाहेर आहे,” त्यांच्या पत्नी इंदिराबाई म्हणाल्या. “तुम्हीच काय कुढत बसलाय?”

“पथ्याचा काय भरवसा? आज पाळतील, उद्या मोडतील.”

तेवढ्यात बाहेर माकडाची आरोळी आली. गावातल्या लग्नाच्या मांडवातून त्याने फॉइलचं भेंडोळं पळवलं होतं.

“चांदीचा कागद घ्या! आतला वास बाहेर येत नाही, बाहेरचं पाणी आत जात नाही! कसाही दुमडा, तसाच राहतो! वजनाला पीस! आतला माल गरमागरम!”

नरहरपंतांनी पहिलाच गुण ऐकला आणि त्यांचा ऊर भरून आला. वाघ सशाला हुडकतो तो वासावरून. वासच नाही, तर ससा कुठला? दोन मुळे देऊन त्यांनी चार हात कागद घेतला.

इंदिराबाईंनी त्यांना कानापासून शेपटीपर्यंत गुंडाळलं. कडा नीट मुडपल्या.

“श्वासाला भोक ठेवू ना?”

“एकच ठेव. खालच्या बाजूला.”

“दिसताय मात्र बर्फीसारखे.”

महिनाभर बिळात दडलेले नरहरपंत ऐटीत बाहेर पडले. चुरचुर वाजत, उन्हात लखलखत त्यांनी दहा उड्या मारल्या. अकरावी उडी वाघाच्या पुढ्यात पडली. आतून त्यांना काही दिसतच नव्हतं ना!

वाघाच्या डोळ्यांत पाणी आलं. “झाकलेलं! तेही चारी बाजूंनी!” त्याने पंजाने चाचपून पाहिलं. “आणि गरमसुद्धा!”

“अहो महाराज, मी उघड्यावरचाच आहे!” नरहरपंत आतून किंचाळले. “अगदी लहानपणापासून!”

वाघाला शंका आली. पथ्याच्या बाबतीत तो फार काटेकोर होता. त्याने वैद्यांना बोलावलं. घोरपडीने कडा दाबून पाहिल्या.

“घट्ट आहेत. चालेल. जेवल्यावर शतपावली करा.”

संध्याकाळी इंदिराबाईंच्या दारात कागद परत आला. नीट पुसलेला, घडी घातलेला. सोबत निरोप होता, ‘कागद उत्तम आहे. पुन्हा वापरता येईल.’

तात्पर्य : अन्न नेहमी झाकून ठेवावं. उघड्यावरचं वाया जातं. त्या जंगलातली हरणं तर म्हातारी होऊन वाया गेली.