आबांच्या चरित्राच्या पुड्या

"रंजनानी माय, आबास्नं पुस्तक कोठे शे?"

रतिलालनं ओसरीवरून बायकोला विचारलं आणि चुलीपुढं बसलेल्या सिंधूबाईंची भाकरी तव्यावर दुमडून पडली.

कोनाड्यात पुस्तक नव्हतं. वर्तमानपत्रांची चळतही नव्हती. ती गुरुवारी सिंधूबाईंनीच मांगीलालच्या दुकानात देऊन गूळ आणला होता. आणि आबांचं पुस्तक मळू नये म्हणून रंजनानं त्याला कव्हर घातलं होतं, तेही वर्तमानपत्राचंच.

साल सत्तावन्न. मुलगी बघायला येण्याआधी मुलाकडचे लोक पत्रिका पाठवत. शहाद्याकडच्या गिरधरआबांनी, मुलाच्या आजोबांनी, पत्रिकेसोबत स्वतःचं आत्मचरित्र पाठवलं होतं. पदरमोड करून छापलेलं, जाड पुठ्ठ्याचं, दोनशे पानांचं. सोबत निरोप: 'सोमवारी येतो. वाचून ठेवावे.' त्याआधी दोन मुलींच्या घरून आबा चहाला हात न लावता उठले होते. तिथं कोणी पुस्तक उघडलंही नव्हतं.

रतिलालला पहिल्या पानावरच झोप लागली होती. सिंधूबाईंनी वाचन रविवारवर टाकलं होतं. आज रविवार होता. आणि तीन स्थळांना नाक मुरडणाऱ्या रंजनानं या मुलाचा फोटो आपल्या ट्रंकेत, अगदी साड्यांच्या खाली, ठेवला होता. आईच्या नजरेतून ते सुटलेलं नव्हतं.

सिंधूबाई पदर सावरत दुकानात पोचल्या, तेव्हा मांगीलाल एका जाड पुठ्ठ्यानं वारा घेत होता.

"शेठ, हाऊ पुठ्ठा कसाना शे?"

"तुम्हनीच रद्दीमधला, भाभी. आतला कागद भलता चांगला व्हता. हळद बांधी तरी डाग फुटस नई."

"अन् पाने?"

"खपनात. दहा-बारा तं चना-शेंगदाना बांधीसन एस.टी.मा अक्कलकुवाले गयात."

सिंधूबाई तशाच प्रकाशा गावातली घरं पालथी घालायला निघाल्या.

शेजारच्या रूपलीबाईच्या फळीवर जिऱ्याखाली एक पान सापडलं. सिंधूबाईंनी हात घालताच रूपलीबाईनं ते पोटाशी धरलं.

"हाई पान मी देस नई! मणिबेलीजवळ नर्मदामा मगरनी त्यास्ना पाय धरा, अन् पान सरनं! पुढे काय झायं ते सांग पहिले."

"कोणी धरला?" सिंधूबाई धक्क्यानं शुद्ध मराठीच बोलल्या.

पुढचं पान भटू शिंप्याकडं असेल म्हणून त्या तिकडं गेल्या. पण भटूच्या पानात मगर नव्हतीच. भटू डोळे पुसत होता. "मन्हा पानमा त्यास्नी बायको मरी गई, काकी."

समोरच्या दिवाल्याकडं मेथीची पुडी होती. त्यानं पान वाचून दाखवलं. त्याच्या पानात आबांचं त्याच बायकोशी लग्न लागत होतं.

दुपारपर्यंत सिंधूबाईंच्या हिशेबी आबा दोनदा तुरुंगात गेले होते, एकदा नदीत बुडाले होते, म्हातारपणी शाळेत नाव घातलं होतं आणि मेलेल्या बायकोशी थाटामाटात लग्न केलं होतं. एवढी धावपळ करून हातात आली होती अकरा पानं. बाकीच्यांनी आपापलं पान द्यायचं साफ नाकारलं. उलट गावात घरोघरी एकमेकांच्या पुड्या मागायला माणसं फिरू लागली.

रतिलालनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चहा तरी चांगला कर. आबा पिवाव नईत, पन आपुन पिसूत."

सोमवारी आबा आले. पंच्याहत्तरीचा ताठ म्हातारा, किंचित लंगडणारा. मागं मुलगा, सून, नातू. बसल्याबसल्या त्यांनी चहाची बशी बाजूला सारली.

"पुस्तक वाचं का?"

दाराआड रंजनाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. तेवढ्यात रूपलीबाई भर ओसरीत घुसली. रात्रभर तिला झोप नव्हती.

"आबा, त्या मगरनी तुम्हना पाय सोडा का नई?"

आबा तिच्याकडं पाहतच राहिले. ते उत्तर देणार, तोच भटूनं कुंपणावरून विचारलं, "अन् ती माऊलीले झायं काय व्हतं?" पाठोपाठ दिवाल्या, आणि त्याच्यामागं निम्मी गल्ली.

आबांनी न बोलता धोतर वर केलं. पोटरीवर दातांची रांग स्पष्ट दिसत होती. गल्ली बघायला पुढं सरकली. पण सगळ्यात मोठा आवाज निघाला तो आबांच्या मुलाच्या तोंडून.

"मगरनी धरा व्हता तुम्हले? आम्हले तं वाटे, तुम्ही गाडावरथीन पडनात!"

म्हणजे घरातसुद्धा कोणी वाचलं नव्हतं.

मग आबा बोलत राहिले. लाकडाचे तराफे, तुरुंगातली भाकरी, प्लेगात गेलेली बायको. दिवेलागण झाली तरी कोणी हललं नाही. शेवटी भटूनं आपलं पान पुढं केलं, "हाई बरोबर शे ना, आबा?" पान हळदीनं पिवळंधमक होतं. आबांनी ते नाकाशी नेलं.

"पुडीनं शे?"

सिंधूबाईंनी मान खाली घातली. "मन्हा हातथीन रद्दीमा गयं, आबा."

आबांनी चहाची बशी ओढली, गार चहा एका घोटात संपवला आणि म्हणाले, "सोयरीक पक्की."

साखरपुड्याच्या दिवशी आबांची बैलगाडी मांडवाकडं न वळता मांगीलालच्या दुकानासमोर थांबली. गाडीत उरलेल्या साडेचारशे प्रती होत्या.

"पुड्या बांधा, शेठ," आबा म्हणाले. "फक्त पाने क्रमवार द्या."

त्या वर्षी सिंधूबाईंच्या घरात जिऱ्याचे तीन डबे भरले. पुढच्या पानासाठी एका डब्याचं जिरं त्यांनी आणलं होतं, एकाचं रंजनानं. तिसऱ्याचं कोणी आणलं ते विचारल्यावर रतिलाल म्हणाला, "आबा आते तुरुंगमाईन सुटनात ना."