तेराओंचं मीटर आणि शेजारची फुंकर

"लिहून देतो, त्या इंजिनात दम नाही!" तेराओंनी सूपचा वाडगा आपटला.

जपानातल्या कुरे शहराच्या त्या चढाच्या गल्लीत रोटरी इंजिनाची गाडी वीस वर्षं फक्त तेराओंकडे होती. आणि आता शेजारच्या वाकिसाकांनी, कालपर्यंत सायकल ढकलत चढ चढणाऱ्या माणसानं, जुनी, लालचुटुक रोटरी आणली! सगळी गल्ली लोटली. तेराओंच्या बायकोनं, सुमिएनं, तर त्या लाल गाडीच्या दारावरून हात फिरवला. स्वतःच्या गाडीवरून कधी फिरवला नव्हता!

तेराओ दाब मोजायचं मीटर घेऊन शेजारी हजर.

"वाकिसाकासाहेब, कम्प्रेशन तपासलंत?"

"ते काय असतं हो?"

तेराओंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "इंजिनाची फुंकर! आत दोन तिकोनी रोटर. प्रत्येकाच्या तिन्ही बाजूंनी सारखा दाब यायला हवा. आठ म्हणजे पैलवान. सहाच्या खाली गेला की भंगार!"

इंजिन तापवलं, प्लग काढला, मीटर बसवलं, स्टार्टर फिरवला. आठ, आठ, आठ! दुसऱ्या रोटरचे? तेही आठ!

तेराओंचा चेहरा शिळ्या मुळ्यासारखा झाला. "मीटर बिघडलंय."

"असेल, असेल," वाकिसाका म्हणाले.

"मग आपल्या गाडीला लावून बघा ना," सुमिए म्हणाली. "लगेच कळेल."

आता माघार कशी घेणार? तेराओंनी आपली गाडी तापवली, मीटर लावलं. पहिला रोटर : सात, सात, सात. दुसरा : सात, सात... तीन!

सगळी गल्ली मीटरवर वाकली.

"म्हणूनच तापली की सुरू होत नाही वाटतं?" सुमिएनं विचारलं. "तुम्ही तर म्हणायचात, ती मानी आहे!"

"मीटरच बिघडलंय हो," वाकिसाका कळवळून म्हणाले. त्यांचा तो कळवळा तेराओंना जास्तच झोंबला.

तेराओंनी प्लग बसवून किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली. आणि बाराला तर सुमिएच्या बहिणीकडे जेवायला पोचायचं होतं!

"चला, मी सोडतो!" वाकिसाका म्हणाले.

सुमिए पुढे बसली. मागच्या बोटभर जागेत तेराओंनी गुडघे हनुवटीला टेकवले.

"अगंबाई, किती अलगद चढते!" सुमिए हरखली.

"पेट्रोल फार पिते," मागून तेराओ पुटपुटले.

त्या गाडीबद्दल दिवसभरात तेवढंच ते खरं बोलले होते, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाही.